चार वाजेपर्यंतचा आराम

"नॉर्मल म्हंजे काय बे?" असं विचारून त्याने माझ्या खिडकीची काच फोडली. ती आमची पहिली भेट.

काच उजव्या मुठीने फोडली. डाव्या हातातला सोनोग्राफीचा रिपोर्ट मात्र त्याने डोक्याच्या वर धरला होता, रक्त लागू नये म्हणून. हा माणूस ओळखायचा तर त्याचे दोन्ही हात एकदम पाहावे लागत. मी त्या वेळी फक्त उजवा पाहिला आणि टेबलाखाली गेलो.

आमच्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मी एक्स-रे काढायचो. दर मंगळवारी सोनोग्राफीचे डॉक्टर येत, त्यांचे रिपोर्ट टाइप करून खिडकीतून देणं हेही माझ्याकडेच होतं. गावाकडे एक्स-रेला फोटो म्हणतात, म्हणून मी फोटोवाले. सोनोग्राफीच्या मशीनचं उद्घाटन झालं तेव्हा फीत कापायला तीन पुढारी आले होते आणि कात्री एकच होती. त्या ओढाताणीत नारळ मशीनवरच फुटला, पाणी आत गेलं आणि मशीन आठ महिने बंद राहिलं. पुढे ते सुरू झालं आणि त्यातून बहुतेक वेळा एकच शब्द बाहेर येऊ लागला. नॉर्मल. तुम्हीही कधी ना कधी असा कागद घेऊन दवाखान्याच्या पायऱ्या उतरला असाल. आपल्याला बरं वाटतं. त्याला वाटत नसे.

चिखल्याच्या खाणीतून मॅंगनीज वाहणाऱ्या टिप्परवर तो ड्रायव्हर होता. दारातून येताना आधी एक खांदा आत यायचा, मग मान, मग उरलेला माणूस. डाव्या हाताचा अंगठा कायम बेंबीच्या डावीकडे, दोन बोटं सोडून, पोटात रुतवलेला. बेलचं बटण दाबून धरलंय आणि दार कोणी उघडत नाही, असा.

"येथंच," तो म्हणायचा. "आजूबाजूले नाई. येथंच. टाचणी टोचावी तसं."

क्लच दाबला की दुखायचं. चिखल्याहून माल भरून तुमसरला येईपर्यंत क्लच किती वेळा दाबावा लागतो, ते त्या रस्त्याने गेलेल्यांना विचारा. प्रत्येक दाबाला तो एक शिवी द्यायचा. क्लीनर टिकत नसत. एकाला त्याने चालत्या गाडीतून ढकललं होतं, कारण तो गाणं म्हणत होता. पेट्रोल पंपावरच्या एकाचे दोन दात पाडले होते. आंधळगावच्या बाजारात बैल आडवा आला म्हणून बैलाला ठोसा मारला होता आणि बैल बसला होता, असं लोक सांगत. बैलाचं मी खात्रीने सांगू शकत नाही. दातांचा एक्स-रे मी स्वतः काढला.

चार वर्षं तो हे पोट घेऊन फिरत होता. पित्ताच्या गोळ्या झाल्या, जंताच्या झाल्या. नागपूरला नळी घालून आतून पाहून झालं. एका सर्जनने ऍपेंडिक्स काढून टाकलं. ऍपेंडिक्स उजवीकडे असतं आणि याचं दुखणं डावीकडे, पण तोवर पोट उघडून झालेलं होतं. एकाने "टेन्शन घेऊ नका" असा सल्ला दिला, त्या डॉक्टरला मग त्याने बरंच टेन्शन दिलं. मध्येच कुणाच्या तरी सांगण्यावरून तापवलेल्या विळ्याने डागून घेतलं. बेंबीच्या डावीकडे तीन काळे डाग होते, अंगठा बरोबर त्यांच्या मधोमध जायचा.

आणि कागद. गाडीचे कागद आणि पोटाचे कागद तो एकाच प्लास्टिकच्या फाइलीत ठेवायचा, तारखेप्रमाणे लावून. लायसन, विमा, खनिज वाहतुकीचा पास, मग सहा सोनोग्राफ्या. एकही कोपरा दुमडलेला नाही. दवाखान्याची काच फोडणारा माणूस कागदाला घडी पडली तर हळहळायचा.

एके दिवशी तो अगदी शांतपणे आला. खरं तर तेव्हाच मला भीती वाटायला हवी होती.

"फोटोवाले, खरं सांगजा. मशीनले समदं दिसते ना?"

"दिसतं."

"खडा दिसते? गाठ दिसते?"

"दिसते."

"मंग माह्या पोटात कायी नाई दिसत."

"नाही दिसत."

"मंग जे मशीनले नाई दिसत, ते काय रायते?"

माझा डबा उघडा होता, भाजी गार होत होती. "देवाला ठाऊक," मी हसून म्हणालो.

त्याने मान हलवली. मी विनोद केला होता. तो उत्तर घेऊन गेला.

पुढचं मला नंतर कळलं. गावात एक बाहेरचं पाहणारा होता. त्याच्यापुढे याने सहाही रिपोर्ट ओळीने मांडले. सहा वेळा नॉर्मल, सहा सरकारी शिक्के. डॉक्टरला सापडत नाही, मशीनला दिसत नाही आणि टाचणी तर रोज टोचते. त्या माणसाने निकाल दिला की ही करणी आहे आणि घरातल्याच बाईची आहे. करणीचा इतका भक्कम लेखी पुरावा आपल्या जिल्ह्यात आजवर कोणी गोळा केला नसेल. तो सगळा मी टाइप केलेला होता.

घरातली बाई म्हणजे त्याची मोठमाय, थोरल्या काकाची विधवा. त्याची आई तो सहा वर्षांचा असताना गेली, तेव्हापासून हिने त्याला वाढवलं. एकाच अंगणात शेजारच्या खोलीत राहायची. पोट दुखायला लागल्यापासून रोज सकाळी त्याला तांदळाची पेज करून द्यायची. आता लोकांना ती पेज आठवली.

मोठमायला मी पहिल्यांदा पाहिलं ते एक्स-रेच्या टेबलावर. त्यानेच आणलं होतं, दोन्ही हातांवर उचलून. वाळलेल्या शेंगेसारखी बाई. डावा हात कोपराच्या खाली वाकडा झालेला.

"कशी पडलीस आजी?" मी विचारलं.

"आंगनात," ती म्हणाली. "पडली."

हे हाड पडून असं मोडत नाही, एवढं सत्तावीस वर्षांत मला कळत होतं. तो तिच्या उशाशी उभा होता. तिचा हात प्लेटवर ठेवताना त्यानेच खालून आधार दिला, इतका अलगद, की मी शिकवलेल्या एकाही मदतनिसाला तसा जमला नाही.

"दुखून राहिलं का, मोठमाय?"

"नाई रे बापू."

बाहेर तिला प्लास्टर चढत असताना तो माझ्या खिडकीशी आला. "हिच्या कागदावर नॉर्मल नोको लिवू," म्हणाला. मग गाडीचं ऑइल बदलायचं आहे अशा आवाजात त्याने सांगितलं, "शनवारपर्यंत टाइम देल्ला तिले. मांगं घेतलं तं ठीक. नाई तं टॉमी हाय."

टॉमी म्हणजे टिप्परचं चाक खोलताना नटाच्या पान्याला लावायचा लोखंडी दांडा. हात कशाने मोडला तेही मला त्या क्षणी कळलं.

मी चौकीत जाऊन आलो. जमादाराने ऐकून घेतलं आणि सांगितलं, "म्हातारीनं तक्रार द्यावी लागते. ती तं म्हणते पडली." मी परत आलो. त्या दिवशी मंगळवार होता, रिपोर्ट टाइप करायचे होते.

गुरुवारी आमच्याकडे नवीन सर्जन बाई रुजू झाल्या. पुण्याकडच्या, वय अठ्ठावीस-एकोणतीस, बाँडचं एक वर्ष काढायला आलेल्या. मला पहिल्या दिवसापासून काका म्हणायच्या. चहा पिताना मी त्यांना त्याच्या पोटाचं सांगितलं. एक बोट ठेवण्याएवढी जागा, क्लच, सहा सोनोग्राफ्या. म्हातारीचं सांगितलं नाही. ते पोलिसांचं काम, यांना कशाला त्रास, असं मी स्वतःला समजावलं.

त्यांनी कप खाली ठेवला. "काका, एकाच बोटाने दाखवतात? दरवेळी तीच जागा?"

"दरवेळी."

"मग मला हवेत ते. आणा."

आणायचं कसं? डॉक्टर या शब्दावरच तो बिथरायचा. मी फोन करून खोटं सांगितलं, "नवीन मशीन आलंय." उद्घाटनं पाहून मी एवढं तरी शिकलो होतो.

शनिवारी बारा वाजता तो आला. खोलीभर नजर फिरवली. "मशीन कोठं हाय?"

बाईंनी आपलं एक बोट वर केलं. "हे."

त्याने माझ्याकडे पाहिलं. आज काच नाही, मीच फुटणार, असं मला वाटलं. पण बाईंनी त्याला आडवं व्हायला सांगितलं आणि कसं कोण जाणे, तो झाला. त्यांनी अंगठा जायचा त्याच जागी बोट टेकवलं. "आता हात छातीवर घ्या आणि मान उचला. हनुवटी छातीकडे."

त्याने मान उचलली, पोट ताणलं गेलं आणि बाईंनी बोट दाबलं. तो ओरडला. तसा आवाज मी खाणीच्या स्फोटाखेरीज ऐकलेला नव्हता. त्याच्या लाथेने औषधांचा ट्रे भिंतीवर गेला, बाटल्या फुटल्या. त्याने बाईंचं मनगट पकडलं आणि पिरगळायला सुरुवात केली. मी दंडाला लटकलो तर त्याने मला कोपराने बाजूला केलं, ओठ फुटला.

"सोडा," बाई म्हणाल्या. आवाज चढवला नाही, पण डोळ्यांत पाणी आलं होतं. "सापडलंय. सोडा."

त्याने सोडलं. सापडलंय हा शब्द त्याला चार वर्षांत कोणी ऐकवला नव्हता.

त्यांनी आम्हा दोघांना समजावलं. पोटाचं मांस ताणलं की आतले अवयव झाकले जातात. दुखणं आतलं असेल तर बोट दाबल्यावर ते कमी लागतं. याचं उलट वाढलं, म्हणजे ते आत नाहीच, वरच्या मांसात आहे. तिथे एक बारीक नस मांसातल्या भोकातून बाहेर येते. ती तिथेच आवळली गेली आहे, दारात बोट सापडावं तशी. मशीन पोटाच्या आत पाहतं आणि आत खरोखरच सगळं ठीक आहे. सहाही रिपोर्ट बरोबर होते.

"मंग मी खोटा नाई?" त्याने विचारलं.

"नाही."

सुई घेताना त्याने टेबलाची पत्र्याची कड दोन्ही हातांनी धरली. ती वाकली, अजून वाकलेली आहे. सुई नेमक्या जागी पोचली तेव्हा तो पुन्हा ओरडला, बाहेरची रांग पांगली. मग तो हळूहळू गप्प झाला. उठून बसला. डाव्या पायाने हवेतच क्लच दाबला. पुन्हा दाबला. दहा-बारा वेळा दाबला. टेबलावरून उतरून खोलीभर चालला, वाकला, खोकून पाहिलं. मग टेबलाच्या पायाशी खाली बसून लहान मुलासारखा रडला.

तेवढ्यात सिस्टर धावत आल्या, अडलेली बाळंतीण आली होती. जाताजाता बाईंनी केसपेपरवर भराभर लिहिलं आणि तो माझ्या हातात दिला. "काका, यांना नीट सांगा. हे तपासायचं इंजेक्शन आहे, तीन-चार तासांचं. चार वाजेपर्यंत परत दुखायला लागेल. घाबरायचं नाही. सोमवारी पुढचं देऊ."

मी हो म्हणालो. आणि त्याच वेळी त्याने मला उचललं. दोन्ही काखांत हात घालून, पाय जमिनीपासून फूटभर वर. तसाच मला घेऊन तो बाहेर रांगेत आला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "या फोटोवाल्यानं माह्यं दुखनं काढलं!"

लोक पाहत होते. कोणी तरी टाळी वाजवली. सत्तावीस वर्षं मी फिती कापणाऱ्यांना हसलो, तुमच्यासारख्यांना त्यांचे किस्से सांगून हसवलं. पण वर उचललेल्या माणसाला खाली उतरून "चार वाजता परत दुखेल" असं म्हणता येत नाही. मी म्हणालो नाही. केसपेपर माझ्या खिशातच राहिला. तो गेला.

साडेतीनला बाई थकून बाहेर आल्या, चहा मागवला. "सांगितलंत ना त्यांना?"

"नाही," मी म्हणालो. मग मोठमायचं, शनिवारचं, टॉमीचं, सगळं सांगितलं. त्या उठून उभ्याच राहिल्या. "तुम्ही मला हे आत्ता सांगताय?" एवढंच म्हणाल्या आणि चौकीचा नंबर फिरवू लागल्या. त्याचा फोन वाजत होता, कोणी उचलत नव्हतं. मी मोटरसायकलला किक मारली.

गाव चौदा किलोमीटर. धानाच्या बांध्यांमधून रस्ता जातो. कापणी सुरू होती. एरवी या रस्त्याने जाताना मी चारदा थांबतो. त्या दिवशी समोरून आलेल्या बैलगाडीलाही मी बाजू दिली नाही.

अंगण माणसांनी भरलं होतं. निम्म्यांच्या हातात मोबाइल, चित्रण करत. एकाने मला उत्साहाने माहिती दिली. त्या सकाळी सगळ्यांनी मिळून म्हातारीला त्याच्याभोवती पाच फेरे मारायला लावले होते, "मांगं घेतलं" असं तीनदा म्हणवून घेतलं होतं. दुपारी तो हसत परत आला, फोटोवाल्याचं नाव घेत. गावाने त्याला खरं कारण समजावलं. म्हातारीनं मांगं घेतलं म्हणून बरा झाला. आणि आता दहा मिनिटांपूर्वी पोट पुन्हा दुखायला लागलं होतं.

"परत घातलं बुढीनं," माहिती देणारा म्हणाला. "लय नजरेची हाय."

मोठमाय अंगणाच्या मधोमध पडली होती. कपाळ फुटून एक डोळा रक्ताने भरलेला. आम्ही घातलेलं प्लास्टर मधोमध चिरलं होतं. पहिला घाव त्यावर बसला होता. तो तिच्यासमोर उभा, डावा अंगठा पोटात, उजव्या हातात टॉमी.

"काहून परत घातलं, मोठमाय?" तो विचारत होता. आवाज रडका होता. "मी तुले बोललो होतो का कायी? काहून?"

"नाई घातलं रे बापू."

त्याने टॉमी उचलला. मी मध्ये गेलो. शौर्य म्हणून सांगत नाही. मला दुसरं काही सुचलं नाही, आणि गर्दीत मागे उभं राहिलं तर मीही मोबाइलच धरणार होतो. घाव माझ्या खांद्यावर आला. कॉलरबोन मोडल्याचा आवाज स्वतःच्या कानाला आतून ऐकू येतो, हे मला त्या दिवशी समजलं. मी म्हातारीच्या शेजारी पडलो.

"सुईचा पास चारपर्यंतचाच होता," मी खालून ओरडलो.

हा शब्द कुठून आला मला माहीत नाही. पण टॉमी वरच थांबला. खनिजाच्या गाडीचा ड्रायव्हर सगळं विसरेल, पासची वेळ विसरणार नाही. पासवर लिहिलेल्या वेळेनंतर गाडी रस्त्यावर दिसली तर माल जातो, गाडी जाते.

"कोनता पास?"

मी धड असलेल्या हाताने खिशातून केसपेपर काढला. तो कोणालाही मारताना थांबला नसता, पण पुढे केलेला कागद त्याने घेतला. सवयीने आधी घडी सरळ केली. इंग्रजी आकडे त्याला वाचता येत. बारा तीस. खाली चार वाजेपर्यंत पुन्हा दुखू शकते, आणि शेवटी डॉक्टर मंडळी नेहमी लिहितात ते: रुग्णास समजावून सांगितले.

"हे कव्हा लिवलं?"

"साडेबाराला. तुझ्यासमोर."

"तव्हा तं दुखत नोतं."

"नव्हतं."

"मंग डाक्टरबाईले कसं मालूम, चारले दुखन म्हनून?"

"कारण औषध तेवढंच टिकतं. हिने काही घातलं नाही, काही मागे घेतलं नाही. मला तुला सांगायला सांगितलं होतं. मी सांगितलं नाही."

त्याने मोबाइल काढून वेळ पाहिली. चार वाजून सात मिनिटं. पुन्हा कागद पाहिला. मग मोठमायकडे, तिच्या प्लास्टरकडे, माझ्याकडे. त्याला काय दिसलं असेल ते मी सांगू शकत नाही. टॉमी त्याने खाली टाकला नाही, हळूच भिंतीला टेकवून ठेवला. मग वळला आणि चित्रण करणाऱ्यांतला सगळ्यात जवळचा मोबाइल हिसकावून दगडावर आपटला. दुसरा आपटला. पोलिसांची गाडी आली तेव्हा अंगणात गर्दी नव्हती, आम्ही तिघंच होतो आणि तो मोठमायच्या कपाळावर आपला टॉवेल दाबून बसला होता.

माझा एक्स-रे मला स्वतःला काढता येईना. टेबलावर पडून शिपायाला कुठलं बटण दाब ते सांगावं लागलं. रिपोर्ट टाइप करायला हात नव्हता. बाईंनी हाताने लिहिला. नॉर्मल लिहिला नाही.

सोमवारचं इंजेक्शन त्याला मिळालं, थोडं उशिरा, पोलीस बंदोबस्तात. एका हाताला बेडी आणि बेडीचं दुसरं टोक शिपायाच्या मनगटाला. बाईंनी सांगण्याआधीच त्याने हनुवटी छातीला लावली. या वेळी तीन आठवडे आराम पडला. मग पुन्हा एक. शेवटी भंडाऱ्याला छोटं ऑपरेशन करून ती नस कापून टाकली. अर्धा तास लागला. पोट उघडावंसुद्धा लागलं नाही.

मोठमायने जबाब दिला, "पडली." कपाळाचं विचारलं तेव्हाही पडली. गावात कोणी काही पाहिलं नव्हतं. माझ्या खांद्याची केस तेवढी उभी राहिली, ती अजून चालू आहे. चार महिने आत काढून तो जामिनावर सुटला आणि आधी माझ्या खिडकीशी आला. दोन्ही हात कठड्यावर ठेवून उभा. पोटात अंगठा नसलेला तो मला ओळखू यायला जरा वेळ लागला.

"फोटोवाले, चाल माह्यासंग," म्हणाला. "मोठमाय साकोलीकडं पोरीपाशी गेली. तिले सांग मशीनचं. नसेचं. माह्यं ते नाई ऐकनार."

वकिलाने त्याला तिकडे फिरकू नको म्हणून बजावलं होतं. वकिलाचं ऐकलं असतं तर तो तो नसता. पण मुलीने फोनवर या म्हटलं, मी बरोबर असेन तरच. मी गेलो. खांदा अजून दुखत होता. माफ केलं म्हणून गेलो, असं समजू नका. न सांगितलेलं एक वाक्य माझ्याकडे बाकी होतं.

मुलीचं घर हायवेपासून आत. अंगणात मोठमाय भिंतीकडे तोंड करून बसली होती. हात जुळला होता, किंचित बाकदार. मी तिच्याशेजारी बसून सगळं सांगितलं: नस, मांसातलं भोक, सुई, चार वाजता. जमेल तितक्या सोप्या शब्दांत, दोनदा. ती मान हलवत राहिली, सरकारी माणसापुढे हलवतात तशी. मग हळू आवाजात म्हणाली,

"बाबू, सकारी म्या मांगं घेतलं. दोपारी तो बरा झाला. मंग म्या कायी केलंच नसन, तं मांगं काय घेतलं?"

मी तिसऱ्यांदा समजावलं. तिने पुन्हा मान हलवली.

तो आता इकडे नसतो. रायपूरकडे लांब पल्ल्याच्या गाडीवर आहे असं ऐकतो. पोट दुखत नाही म्हणे, आणि क्लीनरही टिकतो. मला तो आठवतो तो मोठमायच्या मुलीच्या अंगणातला.

मुलीचा पाच महिन्यांचा मुलगा ओसरीवर गोधडीवर पडला होता. म्हातारी बसल्या जागेवरून त्याच्याकडे पाठ करून होती, आणि तो हुंकारला की पदर डोळ्यांवर ओढून घेत होती. मला ते उशिरा लक्षात आलं. त्याच्या ते माझ्याआधी लक्षात आलं असावं. तो उठला, गोधडीवरून पोराला उचललं, त्याच अलगद हातांनी, आणि मोठमायच्या मांडीवर ठेवलं. तिने डोळे घट्ट मिटले.

"पाय त्याच्याकडं, डोळे उघडून पाय," तो म्हणाला.

तिने मान हलवली, नाही.

"कायी होत नाई, मोठमाय. पाय." तो तिच्यासमोर उकिडवा बसला. "डोळे उघड. तुह्या नजरेत कायी नाई. उघड ना." त्याचा आवाज चढत गेला, जसा आयुष्यभर चढत आला होता. "उघड म्हन्तो ना मी!"

पोर रडायला लागलं. मुलगी आतून आली. मांडीवरून पोर उचललं आणि आत निघून गेली.

मांडी हलकी झाल्यावर म्हातारीने डोळे उघडले. पोराचं रडणं कुठल्या बाजूने येतंय ते नीट ऐकलं आणि ती दुसऱ्या बाजूला वळून बसली. तो तिच्यासमोर तसाच उकिडवा होता, दोन्ही हात रिकामे पुढे धरलेले, आणि त्यांचं काय करावं ते त्याला कळत नव्हतं.